कोकणच्या खाड्यांतील तिसऱ्या आणि कालवे: समुद्राच्या आम्लीकरणाचा परिणाम कितपत?

प्रश्न: खाडीकाठ

नमस्कार. माझे आजोळ रत्नागिरी तालुक्यातील एका खाडीच्या काठी आहे. ओहोटीला खाडीत उतरून वाळूतल्या तिसऱ्या आणि मुळे (दोन्ही शिंपल्यांतले खाद्य जीव) काढणे, तसेच कातळाला चिकटलेली कालवे (ऑयस्टर) फोडून आणणे हे आमच्याकडे मुख्यतः बायकांचे काम आहे आणि काही घरांचा रोजचा खर्च त्यावरच चालतो. माझी मामी आणि तिच्याबरोबर जाणाऱ्या बायका गेली काही वर्षे दोन गोष्टी सातत्याने सांगत आहेत. पहिली अशी की, पावसाळ्यानंतर वाळूच्या पट्ट्यात जे बारीक बी (नुकतेच तळाला बसलेले इवलेसे शिंपले) पूर्वी दिसत असे, ते एखाद्या वर्षी भरपूर दिसते आणि एखाद्या वर्षी जवळजवळ दिसतच नाही. दुसरी अशी की, शिंपल्याची कड पूर्वीपेक्षा ठिसूळ लागते आणि टोपलीत ओततानाच तिचे तुकडे पडतात.

मी महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवतो, त्यामुळे समुद्राच्या आम्लीकरणाविषयी वाचले आहे, पण हा माझा विषय नाही. हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी आम्ल होऊन शिंपले झिजत आहेत, असा याचा सरळ अर्थ लावता येईल का? वाढत्या उष्णतेचा वाटा वेगळा कसा ओळखावा? आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत उपलब्ध असलेल्या साधनांनी आम्हाला काही उपयुक्त मोजणी करता येईल का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद 1: सागररसायन

खाडीकाठ, आपल्या मामींच्या दोन निरीक्षणांपैकी मला पहिले अधिक महत्त्वाचे वाटते. बहुतेक जण मात्र दुसऱ्याकडेच बोट दाखवतील, म्हणून आधी थोडे रसायनशास्त्र सांगते.

औद्योगिकीकरणापूर्वी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते प्रमाण 420 च्या पुढे गेले आहे. माणूस जेवढा कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, त्यातील साधारण पाव हिस्सा समुद्र शोषून घेतो. पाण्यात विरघळल्यावर त्याचे कार्बोनिक आम्ल बनते, त्यातून हायड्रोजन आयन सुटतात आणि हे आयन पाण्यातील कार्बोनेट आयनांना गाठून त्यांचे बायकार्बोनेट करून टाकतात. शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो. त्यामुळे खरी अडचण पाणी आम्ल होण्यापेक्षा कार्बोनेटची चणचण भासण्याची आहे. समुद्राचे पाणी आजही अल्कधर्मीच आहे. त्याच्या पृष्ठभागाचा सरासरी पीएच सुमारे 8.2 वरून 8.1 च्या आसपास आला आहे. हा फरक किरकोळ दिसतो, परंतु पीएचची मोजपट्टी लॉगरिदमची असल्यामुळे त्याचा अर्थ हायड्रोजन आयनांमध्ये 25 ते 30 टक्के वाढ असा होतो.

तरीही पूर्ण वाढलेली तिसरी या पाण्यात विरघळून चालली आहे असे समजू नये. तिच्या शिंपल्यावर बाहेरून सेंद्रिय पापुद्रा असतो आणि आतून मांसाचे आवरण शिंपल्याची डागडुजी करत असते. कड ठिसूळ होण्याची इतर कारणे आपल्या खाड्यांमध्ये अधिक जवळची आहेत. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे झाले की तिसरी शिंपले घट्ट मिटून घेते. मिटलेल्या अवस्थेतही तिचा श्वसनव्यापार मंदपणे चालूच राहतो, आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि त्यातून तयार झालेले आम्ल शमवण्यासाठी ती आपल्याच शिंपल्याचा आतला थर खर्ची घालते. जितके दिवस पाणी गोडे, तितका हा खर्च अधिक. म्हणून ठिसूळ शिंपल्याचे मूळ जागतिक आम्लीकरणात शोधण्याआधी त्या वर्षी पाऊस कसा पडला, हे पाहणे योग्य ठरेल.

बी दिसण्या-न दिसण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. या प्राण्यांची अंडी पाण्यातच फलित होतात आणि त्यातून निघालेल्या डिंभाला (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म पिल्लाला) पहिल्या एक-दोन दिवसांतच आपले पहिले कवच उभारावे लागते. त्या वेळी त्याला अन्न खाता येत नाही. अंड्यातून मिळालेल्या शिदोरीवरच सारे बांधकाम करायचे असते. पॅसिफिक कालवाच्या डिंभात तर पहिल्या दोन दिवसांत शरीराच्या वजनाचा सुमारे नऊ दशांश भाग कवचाचा होतो. शिवाय हे पहिले कवच ज्या अॅरागोनाइट नावाच्या स्फटिकाचे असते, तो कॅल्साइट या कॅल्शियम कार्बोनेटच्याच दुसऱ्या स्फटिकापेक्षा सहज विरघळतो. पाण्यात कार्बोनेट कमी असले की तेच कवच बांधायला जास्त ऊर्जा लागते आणि शिदोरी लवकर संपते. डिंभ त्याच क्षणी मरतो असेही नाही. कित्येकदा तो काही दिवस तरंगतो, वाढत नाही आणि मग नाहीसा होतो. हे सारे डोळ्यांना न दिसणाऱ्या आकारात घडते. वाळूत बी का उतरले नाही, याचे उत्तर म्हणूनच त्या वाळूत सापडेल असे नाही.

एक दिलासाही नमूद केला पाहिजे. उष्ण कटिबंधातील समुद्राच्या पृष्ठभागी अॅरागोनाइटची संपृक्तता (असे कवच बांधायला पाणी किती अनुकूल आहे, याचे माप) अजून 3 च्या वर आहे, आणि पॅसिफिक कालवाच्या डिंभांना ती साधारण 1.5 च्या आसपास घसरल्यावर गंभीर त्रास होतो, असे दिसून आले आहे. त्यामुळे कोकणासमोरचा खुला अरबी समुद्र त्या टोकाला पोहोचलेला नाही. खाडीचे तसे सांगता येत नाही. नदीच्या पाण्यात अल्कता, म्हणजे आम्ल शमवण्याची क्षमता, कमी असते, कुजणारा पालापाचोळा आणि सांडपाणी कार्बन डायऑक्साइड वाढवते, आणि रात्री प्रकाशसंश्लेषण थांबले की पहाटेपर्यंत पीएच खाली येतो. या रोजच्या चढउतारावर जागतिक घसरणीचा भार पडतो, आणि काठावरचा तोल तेथे जातो.

प्रतिसाद 2: पश्चिम तीर

मी गेली बरीच वर्षे अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात राहते आणि येथील कालवशेतीशी कामानिमित्त माझा संबंध येतो. सागररसायन ताईंनी डिंभाविषयी जे लिहिले आहे, ते या किनाऱ्याने प्रत्यक्ष अनुभवले आहे, म्हणून तो प्रसंग सविस्तर सांगते.

शेजारच्या ओरेगॉन राज्यात नेटार्ट्स उपसागराच्या काठी व्हिस्की क्रीक नावाचे कालवबीज केंद्र आहे. या किनाऱ्यावरील अनेक कालवशेतकरी अशाच मोजक्या केंद्रांच्या बियाण्यावर अवलंबून असतात. 2007 आणि 2008 मध्ये तेथील टाक्यांतील डिंभ कोट्यवधींच्या संख्येने मरू लागले. पहिला संशय व्हिब्रिओ या जिवाणूवर गेला आणि तो वावगा नव्हता, कारण उबदार पाण्यात हे जिवाणू फोफावतात. गाळण्या आणि जंतुनाशनाची यंत्रणा बसवण्यात आली, जिवाणू आटोक्यात आले, पण डिंभ मरतच राहिले. शेवटी ओरेगॉन राज्य विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर पाण्याचे रसायन तपासल्यावर कारण स्पष्ट झाले. उन्हाळ्यात उत्तरेकडून वारा वाहू लागला की या किनाऱ्यालगत खोल समुद्राचे थंड पाणी वर येते. ते पाणी कित्येक दशकांपूर्वी हवेच्या संपर्कात आलेले असते, खोलवर कुजणाऱ्या द्रव्याचा कार्बन त्यात मिसळलेला असतो आणि माणसाने तेव्हा हवेत सोडलेल्या कार्बनचाही हिस्सा त्यात असतो. ते पाणी नळातून टाकीत आले की डिंभाच्या पहिल्या कवचाचे काम अडत होते. या कामाचा शोधनिबंध 2012 मध्ये प्रसिद्ध झाला.

त्यांनी काढलेला मार्ग साधा आहे. येणाऱ्या पाण्याचे रसायन अखंड मोजले जाते आणि गरजेप्रमाणे त्यात सोडा अॅश, म्हणजे धुण्याचा सोडा, मिसळला जातो. उपसागरातील सागरी गवत दिवसभर कार्बन डायऑक्साइड वापरत असल्याने टाक्या पहाटेऐवजी दुपारनंतर भरणे अधिक सुरक्षित, हेही तेव्हाच लक्षात आले. केंद्र त्यामुळे सावरले. परंतु हे टाकीत जमते, खाडीत जमत नाही. आमच्या विलापा उपसागरात कालवांचे नैसर्गिक बी 2005 नंतर सलग काही वर्षे नीट उतरले नाही. तेथे थंड पाणी, ऋतूचे मान आणि रसायन यांतील कोणाचा वाटा किती, यावर मतभेद राहिले, आणि ते राहणे मला रास्त वाटते.

प्रतिसाद 3: जुना खलाशी

सर्व प्रतिसाद लक्षपूर्वक वाचले. माझे म्हणणे थोडे वेगळे आहे आणि ते मनापासून मांडतो. खाडीत सक्शन पंप लावून वाळू उपसली जाते, तेव्हा तिसऱ्यांचा अख्खा पट्टा, बियाण्यासकट, निघून जातो. उरलेल्या जागी गाळ बसतो आणि त्यात बी गुदमरते. त्याशिवाय मागणी वाढल्याने अंगठ्याच्या नखाएवढ्या तिसऱ्यासुद्धा बाजारात येऊ लागल्या आहेत. हवामानबदलाचे कारण पुढे केले की गावात आणि तालुक्यात ज्यांना प्रश्न विचारायचे, ते मोकळे सुटतात, याचे मला दुःख वाटते.

केरळात अष्टमुडी सरोवरात हीच पॅफिया मलबारिका जातीची तिसरी काढली जाते. तेथे केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्याने डिसेंबर ते फेब्रुवारी या प्रजननाच्या महिन्यांत काढणी बंद ठेवली जाते आणि लहान तिसऱ्या खाली गळून पडाव्यात म्हणून जाळ्याच्या आसाची, म्हणजे छिद्राच्या आकाराची, किमान मर्यादा ठरवलेली आहे. 2014 मध्ये या मासेमारीला मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल या आंतरराष्ट्रीय संस्थेचे शाश्वत मासेमारीचे प्रमाणपत्र मिळाले. भारतातील ते पहिलेच. आपल्या खाड्यांत असे नियम गावांनी का करू नयेत?

खाडीकाठ (प्रश्नकर्ता)

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. काका, वाळूउपशाचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे. आमच्या खाडीच्या वरच्या अंगाला तो होतोच. पण खाडीच्या तोंडाशी, जेथे उपसा नाही, तेथेही बी कमी उतरल्याचे बायका सांगतात, म्हणून प्रश्न शिल्लक राहतो. आणखी एक गोष्ट विचारायची राहिली. एप्रिल-मे महिन्यांत कातळाच्या वरच्या अंगावरची कालवे मोठ्या प्रमाणात रिकामी दिसतात. हा उष्णतेचा परिणाम असू शकेल का?

प्रतिसाद 4: शिणाणेवाला

मी सिंधुदुर्गात दोरीवर शिणाणे (मसल जातीचे हिरवे शिंपले) वाढवण्याच्या कामात आहे, त्यामुळे भरती-ओहोटीच्या वेळा हा रोजचा हिशेब आहे, आणि आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या हिशेबातच आहे.

जून 2021 च्या अखेरीस कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर उष्णतेची प्रचंड लाट आली. ब्रिटिश कोलंबियातील लिटन गावी 29 जूनला 49.6 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. त्याच दिवसांत तेथील मोठी ओहोटी भर दुपारी येत होती. कातळाचे तापमान 50 अंशांच्या पुढे गेले, शिणाण्यांचे थरच्या थर उघड्या तोंडांनी मरून पडले, आणि किनाऱ्यावरच्या मृत जीवांची संख्या एक अब्जाच्या वर असावी, असा अंदाज ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील ख्रिस हार्ली यांनी मांडला. एका लाटेत एवढा संहार होण्यास हवेइतकीच ओहोटीची वेळही कारणीभूत होती.

आपल्याकडे तिथीला पाऊणपट केले की पूर्ण भरतीची वेळ मिळते, हे जुने गणित आपल्या मामींना नक्की ठाऊक असेल. त्याप्रमाणे पौर्णिमा-अमावास्येची भरती दुपारी बाराच्या अलीकडे-पलीकडे येते, म्हणजे उधाणाची (मोठ्या भरती-ओहोटीची) सर्वांत खोल ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. कातळाचा खालचा भाग, जो फक्त अशा ओहोटीलाच उघडा पडतो, त्याला दुपारचे ऊन सहसा लागत नाही. अष्टमीच्या सुमारास मात्र ओहोटी बाराच्या आसपास येते. ती भांगाची (लहान भरती-ओहोटीची) असल्यामुळे पाणी फार खाली जात नाही, पण कातळाचा वरचा पट्टा नेमका भर उन्हात काही तास कोरडा राहतो. आपल्याला वरच्याच अंगाची कालवे रिकामी दिसतात, याच्याशी हे जुळते.

फक्त एक दक्षता घ्या. कालव फोडताना बायका वरचा शिंपला उचकटून मांस काढून घेतात आणि खालचा शिंपला कातळालाच चिकटून राहतो. उन्हाने मेलेल्या कालवाचाही वरचा शिंपला काही दिवसांत गळून पडतो. म्हणजे महिन्याभराने पाहिले तर दोन्ही सारखेच दिसतात. उष्ण अष्टमीनंतर दोन-चार दिवसांच्या आत जाऊन पाहावे. दोन्ही शिंपले जागेवर असून तोंड उघडे असेल आणि फोडल्याची खूण नसेल, तरच तो मृत्यू उन्हाचा मानावा.

शिणाण्यांविषयी माझा अनुभव सांगतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी दोरीभोवती सुती कापडात गुंडाळून पाण्यात सोडतो. कापड कुजेपर्यंत शिणाणे आपल्या तंतूंनी दोरी धरते आणि पावसाळ्यापूर्वी काढणी होते. पाणी फार तापले की पकड ढिली होते, घोस गळतो. हे तंतू उष्णतेने आणि जास्त कार्बन डायऑक्साइडने दुर्बल होतात, असे इतर जातींच्या शिणाण्यांवरील प्रयोगांत आढळलेले आहे. कवचाइतकेच हेही पाहायला हवे. सुटून पडलेले शिणाणे कितीही धडधाकट असले तरी शेतकऱ्याच्या दृष्टीने गेलेलेच.

प्रतिसाद 5: सागररसायन

शिणाणेवाले दादांनी ओहोटीचा मुद्दा फार नेमका मांडला. उष्णता आणि आम्लीकरण यांचा एकत्र परिणाम का वाढतो, हे आता थोडक्यात सांगता येईल. पाणी तापले की प्राण्याचा चयापचय वाढतो, म्हणजे त्याची ऊर्जेची गरज वाढते, आणि त्याच वेळी पाण्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो. वर कवच बांधणेही महाग झालेले असेल, तर वाढीसाठी आणि प्रजननासाठी काही उरत नाही. मात्र अन्न मुबलक असेल तर पुष्कळसे भागते. जर्मनीतील कील येथील आखातात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण मुळातच फार चढते, तरी तेथे शिणाण्यांची जोमदार वस्ती आहे, कारण त्यांना भरपूर खाद्य मिळते. आपल्या खाड्याही अन्नाने समृद्ध आहेत, ही जमेची बाजू आहे.

आता एक गोष्ट, जी मला या साऱ्या चर्चेत सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात खालचे पाणी वर सरकते. केरळ-कर्नाटकासमोर त्याचा जोर अधिक असतो, उत्तरेकडे तो कमी होत जातो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने गोव्यासमोरच्या उथळ समुद्रात सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळाशी प्राणवायू जवळजवळ संपल्याच्या नोंदी केलेल्या आहेत. जेथे प्राणवायू संपतो, तेथे कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो आणि पीएच उतरलेला असतो. नैर्ऋत्य किनाऱ्यावर हिरव्या शिणाण्यांचे प्रजनन आणि बी बसणे हे पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि लगेच नंतर होते, म्हणजे त्यांचे डिंभ याच काळात पाण्यात असतात. अष्टमुडीतील तिसरी डिसेंबर ते फेब्रुवारीत प्रजनन करते, तेव्हा ते पाणी मागे हटलेले असते. म्हणून माझा तर्क असा आहे की, कोकणात आम्लीकरणाची पहिली झळ तिसऱ्यांपेक्षा शिणाण्यांना बसेल. आपल्या खाडीतील तिसरी कोणत्या महिन्यांत प्रजनन करते, हे तपासल्याशिवाय तिच्या बियाण्याविषयी ठाम बोलू नये.

खलाशी काकांच्या मुद्द्याशी माझे भांडण नाही. ज्या पट्ट्यात आधीच जननक्षम तिसऱ्या थोड्या उरल्या आहेत, तेथे डिंभांचे एक वाईट वर्षसुद्धा भरून निघत नाही. म्हणून वाळूउपसा थांबवणे हा आम्लीकरणाविरुद्धचाही उपाय आहे.

मोजणीविषयी. पीएचच्या कागदी पट्ट्या येथे निरुपयोगी आहेत. ज्या फरकाचा आपण शोध घेत आहोत, तो त्यांच्या रंगात दिसत नाही. खिशातील मीटर गोड्या पाण्याच्या बफरवर जुळवलेला असेल, तर खारट पाण्यात त्याचा आकडा सरकतो. त्यापेक्षा एकच ठिकाण, भरतीची एकच अवस्था आणि एकच वेळ ठरवून दर पंधरवड्याला तापमान आणि क्षारतामापकाने खारटपणा नोंदवा. शक्य झाल्यास एक नोंद पहाटे आणि एक दुपारी घ्या. पाण्याची एकूण अल्कता हायड्रोक्लोरिक आम्लाच्या अनुमापनाने आपल्या प्रयोगशाळेतही काढता येईल. अचूक कार्बोनेट रसायनासाठी नमुना बाटलीत हवेचा बुडबुडा न ठेवता भरावा लागतो आणि तो टिकवण्यासाठी मर्क्युरिक क्लोराइड वापरतात. ते जालीम विष असल्याने हे काम विद्यार्थ्यांकडून करून घेऊ नये. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयाशी किंवा गोव्याच्या संस्थेशी पत्रव्यवहार करून त्यांच्या देखरेखीखाली करावे.

त्याहूनही आधी बियाण्याची मोजणी सुरू करा. ठरलेल्या चौकटीतील वरचा थर बारीक चाळणीतून धुऊन त्यातील बी मोजणे, हे मामी आणि त्यांच्या सोबतिणी कोणत्याही संशोधकापेक्षा अधिक अचूकपणे करतील.

प्रतिसाद 6: पश्चिम तीर

मोजणीबरोबर एक प्रयोगही करता येण्यासारखा आहे, म्हणून पुन्हा लिहिते. चिखलाच्या कणांमधील पाणी वरच्या पाण्यापेक्षा बरेच अधिक आम्ल असते, आणि नुकतेच तळाला बसलेले बी तेथेच विरघळून जाऊ शकते. अमेरिकेच्या मेन राज्यातील कास्को उपसागरात मार्क ग्रीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चिखलाच्या काही तुकड्यांत शिंपल्यांचा चुरा मिसळून पाहिला. त्या तुकड्यांत मऊ कवचाच्या शिंपल्यांचे बी शेजारच्या साध्या चिखलापेक्षा अधिक टिकले. आपल्याकडे घरांमागे शिंपल्यांच्या राशी पडलेल्याच असतात. त्या उन्हात नीट वाळवून, कुटून, तिवरांपासून दूर अशा दोन-तीन छोट्या चौकटींत मिसळाव्यात आणि तेवढ्याच चौकटी तशाच सोडाव्यात. दोन्हींतील बी एकाच ओहोटीला, एकाच चाळणीने मोजले तर तुलना विश्वासार्ह होईल. बी उतरण्याचा हंगाम बायकांना माहीत आहे. त्याच्या महिनाभर आधी चुरा मिसळून तयार ठेवावा.